ड्राय फ्लायचा लीडर: घरी बांधणे, मोजणे आणि पाण्यावर जुळवणे

टिळकवाडी_९फुटी

मंडळी, एप्रिलमध्ये कुल्लूकडे तीर्थन नदीवर ब्राउन ट्राउटसाठी जायचं ठरतंय, ड्राय फ्लायनं, म्हणजे पाण्यावर तरंगणारी नकली माशी गळाला लावून. रॉड ९ फुटी ४ वेट (वेट म्हणजे लाइनच्या वजनाची श्रेणी), लाइन तरंगती, लीडर (लाइन आणि माशी यांच्यामधला निमुळता दोरा) तयार विकतचा, ९ फुटी ५एक्स (एक्स म्हणजे टोकाच्या जाडीचा आकडा), बिनगाठीचा. बेळगावात व्हॅक्सिन डेपोच्या मैदानावर सराव चालू आहे, तिथं लीडर टोकापर्यंत ताठ उलगडतो. वाहत्या पाण्यावर मात्र माशी पडल्या पडल्या ओढली जाते आणि तिच्या मागं बारीक व्ही आकाराची रेघ उमटते.

विचारायचं ते असं. लीडर घरी बांधायचा तर कुठल्या जाडीचे किती तुकडे घ्यायचे? आपल्याकडे जाळी-गळाच्या दुकानात मिळणारा तंगूस (साधा नायलॉनचा दोरा) चालेल का? आणि पाण्यात उभं राहिल्यावर नेमकं काय बदलायचं, हे कशावरून ओळखायचं?

मलप्रभा_खानापूर

मैदानावर ताठ पडतो म्हणता, अडचण तिथंच आहे. ड्राय फ्लायच्या लीडरचा शेवटचा दोन-तीन फुटांचा भाग सरळ पडताच कामा नये.

नदीत शेजारी शेजारी वेगवेगळ्या वेगाचं पाणी चाललेलं असतं. लाइन वेगवान धारेत, माशी दगडामागच्या संथ पाण्यात. हा शेवटचा भाग, म्हणजे टिपेट, ताणलेला असेल तर लाइन सरकली की माशीही सरकते. टिपेट नागमोडी पडलं असेल तर आधी ती वळणं उलगडतात, आणि तेवढा वेळ माशी मोकळी वाहते. तीन-चार सेकंद मिळाले तरी तीर्थनसारख्या दगडाळ नदीत पुष्कळ झाले. लीडरची सगळी बांधणी या तीन-चार सेकंदांसाठी करायची.

बैल हाकायचा आसूड मुठीकडे जाड आणि टोकाला बारीक असतो, लीडर तसाच. लाइनला जोडलेला जाड भाग म्हणजे बट, तो लाइनमधला जोर पुढं नेतो. मधला भाग जाडी भराभर उतरवतो आणि जोर खर्ची घालतो. शेवटचा एकाच जाडीचा भाग म्हणजे टिपेट. चार्ल्स रिट्झ यांचं ६०-२०-२० हे प्रमाण (बट, मधला भाग, टिपेट, टक्क्यांत) जुनं आहे आणि अजून उपयोगी आहे, पण ते टिपेट बऱ्यापैकी सरळ पाडतं. पेनसिल्व्हेनिया स्टेट विद्यापीठात फ्लाय फिशिंग शिकवणाऱ्या जॉर्ज हार्वी यांनी बट बारीक केला आणि पुढचा भाग मऊ नि लांब ठेवला, म्हणजे टिपेट आपसूक नागमोडी पडतं. ४ वेट लाइनला मी या दोन्हींच्या मधलं माप धरतो:

०.४८ मिमी – ७० सेंमी
०.४३ मिमी – ४५ सेंमी
०.३८ मिमी – ३५ सेंमी
०.३३ मिमी – २५ सेंमी
०.२८ मिमी – २० सेंमी
०.२३ मिमी – २० सेंमी
०.१८ मिमी – २५ सेंमी
०.१५ मिमी – ७५ सेंमी (टिपेट)

एकूण ३१५ सेंमी, सव्वादहा फुटांच्या जरा वर. ही गाठी मारून झाल्यावरची लांबी आहे. गाठीत जाणारा दोरा वेगळा धरा: जाड तुकड्यांना प्रत्येक टोकाला ८ सेंमी, बारीकांना ५ सेंमी जादा कापायचा. पहिले पाच तुकडे कडक नायलॉनचे, ०.२३ पासून पुढचे मऊ.

दोन शेजारच्या तुकड्यांत ०.०५ मिमीपेक्षा जास्त फरक ठेवू नका. फरक मोठा झाला की लीडर त्या गाठीशी बिजागरीगत मोडतो, पुढं जोर जात नाही आणि पुढचा सगळा भाग तिथंच गोळा होऊन पडतो.

उद्यमबाग_मायक्रो

वरची मापं थाऊमध्ये लिहिली तर १९, १७, १५, १३, ११, ९, ७, ६ अशी उतरतात, प्रत्येक टप्प्याला दोन थाऊ आणि शेवटी एक. थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. एक्सचा हिशोब यातूनच येतो: ११ मधून एक्सचा आकडा वजा केला की उरतात ते थाऊ. ५एक्स म्हणजे ६ थाऊ, ०.१५२ मिमी. ४एक्स म्हणजे ७ थाऊ, ०.१७८ मिमी. ६एक्स म्हणजे ५ थाऊ, ०.१२७ मिमी.

रिळावरचा छापील आकडा अंतिम धरू नका. किती किलोला तुटतो यावरून जाडी तर मुळीच ठरवू नका, कारण त्याच ताकदीचा दोरा एका कंपनीचा बारीक आणि दुसरीचा जाड असतो. लीडरला जाडी कळते, किलो कळत नाहीत. आपल्या गावात घरटी एक माणूस मशीन शॉपमध्ये आहे, मायक्रोमीटर मिळायला अडचण नाही. व्हर्नियर नको. त्याचा लघुत्तम माप ०.०२ मिमी आणि एका एक्सचा फरकच ०.०२५ मिमी, मग त्यातून ५एक्स की ६एक्स काय कळणार? शिवाय जबड्याचा दाब हातावर असतो आणि नायलॉन दबतं. मायक्रोमीटरला रॅचेट आहे, ते दोन-तीन टिकटिक होईपर्यंतच फिरवायचं. एका जागी मोजून दोरा पाव फेरा फिरवून पुन्हा मोजा. स्वस्त दोरा गोल नसतो, एका अंगानं ०.३० आणि दुसऱ्या अंगानं ०.३४ असा चपटा निघतो. असा दोरा गाठीत नीट बसत नाही. रिळाच्या तीन ठिकाणी मोजून बघा की, मग ठरवा.

आता जाडीचा परिणाम. ताकद काटछेदाच्या क्षेत्रफळावर, म्हणजे जाडीच्या वर्गावर जाते. ताठरपणा जाडीच्या चौथ्या घातावर जातो. ५एक्सवरून ६एक्सला गेलात तर ताकद ३० टक्क्यांनी घटते आणि दोरा निम्म्यानं मऊ होतो. पण लांबीचा हिशोब बघा. ठरावीक जोराला दोरा किती वाकेल हे लांबीच्या घनावर जातं. म्हणजे तेच ५एक्स टिपेट ६० सेंमीवरून ९० सेंमी केलं तर ते जवळजवळ साडेतीन पट सहज वाकतं, आणि ताकद तसूभरही कमी होत नाही. हा तुळईचा नियम आहे, पाण्यावरच्या दोऱ्याला तंतोतंत लागणार नाही, पण दिशा पक्की दाखवतो. माशी ओढली जात असेल तर आधी टिपेट लांब करा. बारीक नंतर.

मलप्रभा_खानापूर

मायक्रो सरांनी जे आकड्यांत मांडलं तेच या धाग्यातलं मुख्य आहे. बहुतेक जण ड्रॅग (लाइनमुळं माशी ओढली जाणं) दिसला की लगेच ६एक्स काढतात. मग मोठा मासा लागला की गाठीशी तुटतं, आणि तोंडात गळ अडकलेला मासा नदीत सुटतो. ७५ चे १०० सेंमी केले असते तर ५एक्सवरच काम झालं असतं.

निपाणी_वेदगंगा

तंगूसबद्दल. बटसाठी चालतो, टिपेटसाठी नको.

बटला दोन गुण लागतात, कडकपणा आणि गोलाई. दुकानात ०.४० ते ०.५० मिमीचा साधा पारदर्शक तंगूस मिळतो. त्यातला वेटोळ्याची सवय कमी धरणारा निवडायचा. परीक्षा अशी: हातभर तुकडा रिळावरून काढा, दोन्ही हातांनी दहा सेकंद ताणून सोडा. सरळ राहिला तर घ्या. पुन्हा स्प्रिंगसारखा गोळा झाला तर ठेवून द्या. भडक हिरवा, पिवळा रंग टाळा. बट माशापासून दूर असतो हे खरं, पण स्वच्छ उथळ पाण्यात हवेतून जाताना तो चमकतो.

दोन वेगळ्या कंपन्यांच्या दोऱ्यांतला कडकपणा ताडायचा तर दोन्हींचे सारख्या लांबीचे तुकडे अर्धा तास पाण्यात ठेवा, मग टेबलाच्या कडेला चिमट्यानं आडवे धरून कोणता जास्त खाली झुकतो ते बघा. भिजवणं महत्त्वाचं आहे. नायलॉन पाणी पितं, मऊ होतं आणि थोडी ताकदही सोडतं. आपण तो पाण्यातच वापरणार, मग कोरडा तोलून उपयोग काय?

टिपेटला जाळीचा तंगूस का नको, तर तेवढ्या ताकदीसाठी तो फार जाड लागतो. टिपेटची चांगली रिळं बाहेरून मागवावी लागतील, ४एक्स, ५एक्स, ६एक्स अशी तीन. त्यात कंजुषी नको. आणि नायलॉनच मागवा, फ्लोरोकार्बन नको, ते बुडतं.

कणकुंबी_घाट

निपाणीकर दादा, फ्लोरोकार्बन एकदम बाद करू नका असं माझं मत. ते घासाला जास्त टिकतं, दगडाळ नदीत हे कामाचं आहे. अपवर्तनांक १.४२, पाण्याचा १.३३, नायलॉनचा १.५३ च्या आसपास, म्हणजे पाण्यात ते कमी दिसतं. आणि ड्राय फ्लायला टिपेट पृष्ठभागाच्या किंचित खाली गेलेलंच बरं असतं. तरंगणारा दोरा पाण्याच्या पापुद्र्यात खळगा पाडतो, उन्हात त्याची सावली तळावर दोऱ्याच्या कितीतरी पट जाड पडते. संथ पाण्यात मासा त्या सावलीलाच बिचकतो.

निपाणी_वेदगंगा

सावलीचं म्हणणं पूर्ण मान्य. उपाय मात्र वेगळा सुचवतो. फ्लोरोकार्बनची घनता १.७८, नायलॉनची १.१४. लांब टिपेट पूर्ण बुडालं की उचलताना माशीला आधी खाली ओढतं, बुळूक आवाज होतो आणि ती भिजते. शिवाय त्याच जाडीचं फ्लोरोकार्बन सहसा कडक असतं, म्हणजे नागमोडी पडायला नाखूश. आपल्याला दोरा पापुद्र्याच्या लगेच खाली हवा, पार तळाकडं नको. त्यासाठी नायलॉनच घ्यायचं आणि त्यावरचा तेलकटपणा काढायचा.

लेप घरी होतो. मुलतानी माती ४ चमचे, ग्लिसरीन १ चमचा, भांडी घासायचं लिक्विड १ चमचा, आणि मळता येईल इतपत पाण्याचे थेंब. घट्ट, कणकेपेक्षा जरा सैल गोळा झाला पाहिजे. गोळ्यांच्या रिकाम्या डबीत भरून ठेवा, ग्लिसरीनमुळं सुकत नाही. चिमूटभर घेऊन माशीच्या अलीकडे १० सेंमी सोडून पुढचा ५० सेंमी दोरा त्यातून ओढून घ्यायचा. माशीला लागू देऊ नका, लिक्विडमुळं ती बुडेल. माशीला तरंगण्याची जेल लावून झाली की बोटं पुसून मगच टिपेटला हात लावा, नाहीतर बोटांवरची जेल दोऱ्यावर येते आणि सगळा लेप वाया जातो.

कणकुंबी_घाट

हे पटलं. खळखळत्या पाण्यात तसाही फरक पडत नाही, संथ डोहातच याची गरज. मोठ्या दगडांत ०.१८ चा तुकडा तेवढा फ्लोरोकार्बनचा ठेवायला हरकत नाही.

निपाणी_वेदगंगा

तो चालेल. फक्त नायलॉन आणि फ्लोरोकार्बन एकमेकांना जोडताना ब्लड नॉट घसरतो, तिथं तिहेरी सर्जन्स नॉट मारा.

टिळकवाडी_९फुटी

खूप स्पष्ट झालं, आभार सगळ्यांचे. गाठींबद्दल जरा सविस्तर सांगाल का? कुठं कुठली, किती वेढे? आणि लाइनला जोड कसा?

चिकोडी_गाठ

लाइनला जोड दोन प्रकारे. लाइनच्या टोकाला तयार लूप असेल तर बटला परफेक्शन लूप करा आणि लूपमध्ये लूप अडकवा. अडकवल्यावर दोन्ही लूप एकमेकांत हात गुंफल्यासारखे सरळ बसले पाहिजेत. एकानं दुसऱ्याला गळफास घातल्यासारखं दिसलं तर उलगडून पुन्हा अडकवा, नाहीतर लाइनचं आवरण कापलं जातं. लूप नको असेल तर नेल नॉट, ५ ते ६ वेढे. हा गाइडमधून (रॉडवरच्या कड्यांतून) सुरळीत जातो, त्यामुळं लीडर रॉडपेक्षा लांब असेल तेव्हा हाच बरा. आपला लीडर सव्वादहा फूट आणि रॉड नऊ, म्हणजे मासा जवळ घेताना जोड गाइडमध्ये येणारच.

बट आणि मधल्या भागात ब्लड नॉट. ०.४८ ते ०.३३ पर्यंत प्रत्येक बाजूला ३ ते ४ वेढे पुरेत, जाड दोऱ्याला जास्त वेढे दिले तर गाठ आवळतच नाही. ०.२८ पासून ५ वेढे. दोन्ही शेपट्या मधल्या भोकातून विरुद्ध दिशांनी बाहेर आल्या पाहिजेत. आवळण्याआधी थुंकीनं ओली करा. आधी हळू ओढून वेढे एकावर एक न चढता शेजारी शेजारी बसू द्या, मग एकाच दमात ठाम आवळा. झटका नको, तसाच कोरडा ओढणंही नको. घर्षणाची उष्णता दोरा भाजते. गाठीलगतचा दोरा कुरळा किंवा दुधी दिसला की ती गाठ भाजली समजा. कापून नवी मारायची. नखानं घासून सरळ करत बसू नका.

०.१८ ला टिपेट जोडताना नदीकाठी सर्जन्स नॉट सोपा पडतो. दोन्ही टोकं शेजारी धरून फास करायचा आणि पुढचा अख्खा दोरा त्यातून दोनदा न्यायचा, बारीक दोऱ्याला तीनदा. चारही टोकं धरून एकदम ओढा. गाठ जरा जाड दिसते, पण थंड पाण्यात बोटं बधिर असतानाही चुकत नाही.

माशीला इम्प्रूव्ह्ड क्लिंच, ५ वेढे. ६एक्सला ६ वेढे. कापताना शेपटी गाठीच्या अगदी मुळाशी कापू नका, अर्धा मिलीमीटर राहू द्या.

आणि कास्ट करताना, म्हणजे लाइन फेकताना, हवेत आपोआप पडलेली साधी गाठ. ती दिसली की कास्ट थांबवा आणि तेवढा भाग कापून टाका. ही दोरा जवळजवळ निम्म्या ताकदीवर आणते. दर दहा-पंधरा कास्टनंतर टिपेट दोन बोटांतून सरकवून बघायची सवय लावा, डोळ्यांआधी बोटाला लागते ती.

हिडकल_काठ

गाठी झाल्या, आता पाण्यावरची जुळवाजुळव. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं फरक पडला ते कळत नाही.

पाण्यावर जायच्या आधी एक तपासणी घरीच करा. लाइन आणि बटचा जोड मधे येईल असा हातभर भाग दोन्ही हातांत धरा आणि हात जवळ आणून कमान करा. कमान अखंड गोल आली पाहिजे. जोडाशी कोपरा पडला तर बट लाइनच्या टोकापेक्षा फार कडक किंवा फार मऊ आहे. बट लाइनच्या टोकाच्या साधारण दोन तृतीयांश जाडीचा असावा असा ढोबळ नियम, पण मी कमानीवर जास्त विश्वास ठेवेन, कारण जाडी जुळूनही नायलॉनचा कडकपणा वेगळा असू शकतो. प्रत्येक गाठीशी हीच कमान करून बघत टोकापर्यंत जा.

आता पाण्यावर. टिपेट ताठ पडतंय: १५ ते २० सेंमी वाढवा, पुन्हा बघा, १२० सेंमीपर्यंत जायला हरकत नाही. टिपेट एका जागी ढीग होऊन पडतंय आणि माशी मागं लाइनकडे येतेय: १५ सेंमी कापा. या दोन टोकांच्या मधे एक जागा सापडते जिथं माशी पुढं आणि तिच्या मागं सैल वळणं पडतात. ती त्या दिवसाच्या माशीसाठी, त्या वाऱ्यासाठी बरोबर लांबी. माशी बदलली की ती लांबी बदलते. १४ नंबरची पॅराशूट अॅडम्स आणि १४ नंबरची दाट केसांची एल्क हेअर कॅडिस या गळाच्या मापानं सारख्या, पण कॅडिस हवेला कितीतरी जास्त अडते. तिला तेच ७५ सेंमी ५एक्स दिलं तर ढीग होणार. टिपेट ५५ सेंमीवर आणा किंवा ४एक्स लावा.

गळाच्या नंबराला तीननं भागलं की एक्सचा अंदाज येतो. १२ ला ४एक्स, १४ आणि १६ ला ५एक्स, १८ ला ६एक्स. दाट माशीला एक पायरी जाड.

लीडर मधेच मोडतोय, बट उलगडतो पण पुढचा भाग मागं राहतो: मधला एखादा तुकडा आखूड झालाय किंवा टप्पा मोठा पडलाय. इथं टिपेटशी खेळत बसू नका, तो तुकडा बदला. बहुतेक वेळा ०.१८ चा तुकडाच दोषी असतो. टिपेट बदलताना दर वेळी त्यातले तीन-चार सेंमी गाठीत जातात, आणि २५ सेंमीचा तुकडा न कळत १० वर येतो. मग ०.२३ वरून एकदम ०.१५ वर उडी पडते. १२ सेंमीच्या खाली गेला की बदलायचा.

टिपेटचंही तसंच. प्रत्येक माशी बदलली की ८-१० सेंमी जातात. चार माश्या बदलल्या की ७५ चे ४० होतात आणि लीडर पुन्हा ताठ पडायला लागतो. रॉडच्या बुडापासून ७५ सेंमीवर रंगीत दोऱ्याचे चार वेढे देऊन खूण करून ठेवा. टिपेट तिथं धरून बघितलं की क्षणात कळतं किती उरलंय.

माशी पाण्यावर आपटतेय: बटचा दोष नंतर शोधा, आधी नेम वर धरा. पाण्यावर नव्हे, पाण्याच्या हातभर वर असलेल्या जागेवर कास्ट करा, जोर तिथंच संपतो आणि माशी खाली उतरते. वळणंही आपोआप पडतात.

टिपेटला पीळ पडतोय, सैल सोडलं की दोन पदर एकमेकांभोवती गुंडाळतात: माशी हवेत भिंगरीसारखी फिरतेय. पंख एका बाजूला झुकलाय का बघा, सरळ होत नसेल तर माशी बदला. पीळ काढायला माशी कापून लाइन वाहत्या पाण्यात खालच्या अंगाला मिनिटभर सोडून ठेवा, आपोआप उलगडतो.

मासा वर येतो, माशीशी नाक लावतो आणि परततो. यात ड्रॅग आहे, पण तो तुम्हाला दिसत नाही इतका बारीक आहे. क्रम असा ठेवा: टिपेट लांब करा, मग उभं राहायची जागा बदला, मग टिपेटला लेप लावा, मग माशी एक नंबर लहान करा, आणि सगळ्यात शेवटी दोरा बारीक. जागा बदलण्याला लोक कमी लेखतात. माशाच्या थेट बाजूला उभं राहण्याऐवजी जरा खालून, तिरकं उभं राहिलात तर लाइन आणि माशी यांच्यामधल्या धाराच कमी होतात, आणि जो ड्रॅग लीडरनं सुटत नव्हता तो सुटतो.

टिळकवाडी_९फुटी

हिडकल काका, समोरून वारा असेल तर? दुपारी दरीत वारा वर चढतो असं ऐकलंय.

हिडकल_काठ

होय, डोंगरी दऱ्यांत दुपारी तो वरच्या अंगाला वाहतो. तुम्ही प्रवाहाविरुद्ध कास्ट करणार, म्हणजे वारा बहुधा पाठीशी येईल आणि टिपेट ताठ करेल. तेव्हा टिपेट वाढवायचं. समोरून आला तर ५० सेंमी ४एक्स, आणि वळणांची अपेक्षा सोडून माशी नेमकी पाडण्यावर भर.

मलप्रभा_खानापूर

तीर्थनसाठी एक दुरुस्ती सुचवतो. वर दिलेला सव्वादहा फुटी लीडर डोह आणि रुंद पट्ट्यांसाठी. तीर्थनच्या वरच्या अंगाला आणि तिला मिळणाऱ्या नाल्यांत मोठे धोंडे, त्यांच्यामागं परातीएवढे संथ तुकडे. तिथं कास्ट अवघा पंधरा-वीस फुटांचा. इतक्या जवळून लांब लीडर उलगडायला पुरेशी लाइनच बाहेर नसते. त्यासाठी वेगळा, आखूड बांधा: ०.४३ – ५५ सेंमी, ०.३८ – ३०, ०.३३ – २५, ०.२८ – २०, ०.२३ – २०, आणि ०.१८ चं टिपेट ७५. एकूण २२५ सेंमी, साडेसात फुटांच्या आत. रॉड उंच धरून लाइन पाण्याला टेकूच द्यायची नाही, फक्त टिपेट आणि माशी पाण्यावर. धार कितीही वेगात असो, ओढायला तिथं लाइनच नसते.

उलट पुढं कधी काश्मीरला कोकरनागच्या झऱ्यांच्या पाण्यावर गेलात तर लांब लागेल. तिथं पाणी संथ आणि स्वच्छ. बट ९० सेंमी, पुढचे दोन तुकडे ५० आणि ४० करा, ०.३३ ते ०.१८ तसेच ठेवा, ०.१५ चे २५ सेंमी आणि टोकाला ६एक्स ९० सेंमी. साडेबारा फुटांच्या आसपास जातो. मैदानावर महिनाभर हात बसल्याशिवाय हा घेऊ नका.

कणकुंबी_घाट

सरावाबद्दल थोडं. गवतावर लाइन पकडली जात नाही, त्यामुळं मैदानावर लीडर पाण्यापेक्षा वेगळा वागतो. गळाच्या जागी लोकरीचा छोटा तुकडा बांधून टिपेटची ठेवण बघण्यापुरता सराव मैदानावर ठीक. उचलणं आणि ड्रॅग शिकायला वाहतं पाणीच हवं. पावसाळा ओसरल्यावर खानापूरजवळ मलप्रभेत उथळ, खळखळती जागा मिळते. तिथं वर उसळून किडे टिपणारे बारीक रुपेरी मासे असतात, १८ नंबरच्या माशीला छान येतात. तलाव किंवा धरण असेल तर मासेमारीचा ठेका कुणाकडं आहे त्याला विचारूनच उतरा.

हिमाचलात ट्राउटला १ नोव्हेंबर ते फेब्रुवारीअखेर बंदी असते, एप्रिल चालतो. मत्स्य विभागाचा परवाना मात्र आधी काढा. ब्राउन ट्राउट तिकडं १९०९ पासून सोडलेला आहे आणि आता नदीतच वाढतो, तेव्हा गळाची दाढ (टोकामागचा उलटा काटा) पकडीनं दाबून टाका, मासा ओल्या हातानं धरा आणि सोडा. टिपेट फाजील बारीक नको असं जे वर आलंय त्याचं हेही कारण आहे. बारीक दोऱ्यावर मासा फार वेळ खेळवावा लागतो, आणि थकून गेलेला मासा सोडला तरी वाचेल असं नाही.

टिळकवाडी_९फुटी

ठरलं. दोन्ही मापांचे लीडर बांधतो, टिपेट नायलॉनचं ४एक्स आणि ५एक्स, ६एक्स सोबत ठेवतो पण शेवटी. बांधलेले लीडर एप्रिलपर्यंत ठेवायचे कसे?

उद्यमबाग_मायक्रो

चार बोटांभोवती ढिले वेटोळे करून शेवटचे तीन वेढे आडवे गुंडाळा, म्हणजे सुटत नाहीत. कागदी पाकिटात एक-एक ठेवा, वर लांबी, सगळे थाऊ आणि तारीख लिहा. उन्हापासून लांब, कपाटात. गाडीच्या काचेखाली नको, ऊन नायलॉनला पोखरतं. ०.४८ च्या २५ मीटरच्या रिळातून पंचवीसेक लीडर निघतात, तेव्हा दोघा-तिघांनी मिळून जाड रिळं घ्या. टिपेटची रिळं मात्र प्रत्येकाची आपापली, आणि दर हंगामाला नवी.

वापरायच्या दिवशी वेटोळं काढलं की जुन्या सायकलच्या ट्यूबचा तुकडा दुमडून त्यातून बट हळू ओढा, ऊब लागली की सरळ होतो. टिपेटला ट्यूब लावू नका. ते नुसतं दोन हातांत ताणून धरायचं.

चिकोडी_गाठ

आणि पाकिटातून काढलेल्या लीडरची प्रत्येक गाठ नदीवर उतरण्याआधी एकदा ठाम ओढून बघा. तुटायची असेल तर काठावरच तुटू दे.